तुझ्या खाणीत तुझी नात

आई, तुझ्या नातीला खाणीतली इंजिनिअर व्हायचंय. बारावी झाली, आता नागपूरला शिकायला जाते म्हणते. खोकून खोकून तू गेलीस, तेव्हा मला एकच बजावलं होतंस, आपल्या घरातलं पोर पुन्हा खाणीत उतरता कामा नये. मी हो म्हटलं होतं. म्हणून गेल्या रविवारी हिला स्कूटरवर मागे बसवलं आणि पंचवटीतून थेट तुझ्या गावाला नेलं. म्हटलं, बघ बाई एकदा तुझ्या डोळ्यांनी.

गाव ओळखू येत नाही गं. डोंगरातल्या लेण्यांना तिकीट लावलंय, आत पिवळे दिवे, वर किल्ल्याच्या पायऱ्यांना रेलिंग. लोक नुसते फोटो काढतायत. खालची तुमची खाण मात्र बंद, कुंपण घातलेली. मी हिला घाबरवायला तिथं उभी केली, तर ही बया वाकून दगडाचे थर न्याहाळतेय. असा राग आला म्हणून सांगू. तेवढ्यात तिकीटखिडकीपाशी उकडलेल्या शेंगा विकणाऱ्या म्हातारीनं मला नाकावरून ओळखलं. तुझ्याबरोबर खडी फोडायची म्हणे. तुझ्या नातीनं लगेच विचारलं, "आजी, धुळीचं काय करायचा तुम्ही?"

"काय करनार? फडकं वलं करून नाकाला बांधायचं. पानी हंडाभरच मिळायचं, एकेकीला एकच फडकं. पन तुज्या ह्या आयची आय लय येडी. आपलं फडकं हिच्या झोळीवर टाकायची अन् स्वतः तशीच धुळीत बसायची. आमी रागवायचो. तर म्हनायची, पोरीचं नाक लहान हाय."

मी तिथंच कट्ट्यावर बसले. रडले, लपवत नाही. तू हे कधीच बोलली नाहीस. तुझी नात शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "मम्मी, मशीनवरच पाण्याचा फवारा ठेवला की धूळ उडतच नाही. पण खाणवाले पाणी वाचवतात. मला तेच बघायचंय."

शेंगा खात आम्ही परत निघालो. स्कूटर सुरू करता करता मी तिला म्हटलं, जा.

तुला दिलेला शब्द मोडला, आई. तुला वाचता येत नव्हतं आणि हे दुसऱ्या कुणाला दाखवावंसं वाटत नाही, म्हणून कागद कपाटातच राहील. भीती अजून गेलेली नाही. पण खरं सांगू? त्या दिवसापासून गल्लीत भेटेल त्याला थांबवून सांगत सुटलेय, माझी मुलगी खाणीत जाणार आहे.