निरेपल्याडचं गाव

पुणे, १९५६

तीर्थरूप आईस, सोपानचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

मी बरा हाय, जेवण वेळेवर होतं. तुझा खोकला थांबला का?

हितं वाचनालयात जुना नकाशा अन् गॅझेटिअर, म्हंजी जिल्ह्याच्या माहितीचं सरकारी पुस्तक, बघून आपल्या घराण्याची माहिती काढतोय. आपली सांगवी सापडली. तात्यांनी पाठ करून घेतलेल्या बापाकडच्या सात पिढ्या कागदावर मांडल्या. शेजारी बसलेल्या गुरुजींनी विचारलं, "आईचं माहेर कुठलं?"

मी म्हटलं, "निरेपल्याड."

त्यांनी नकाशा पुढं सरकवला. नदीच्या पल्याड कितीतरी गावं! माझी मान वर होईना. तुझ्या माहेरी कुणी उरलं नव्हतं, दिवाळीला न्यायला कुणी आलं न्हाय, अन् आमीबी कधी विचारलं न्हाय.

हे पत्र वाचून दाखवणाऱ्या रामहरीदादाकडूनच दोन ओळी लिहून घेऊन धाड. गाव कुठलं? अन् लग्नात नाव बदलायच्या आधी तुला काय म्हणून हाक मारायचे?

तुझं लेकरू,
सोपान