भिंतीतली गोधडी

माय, आज सकाळपासून मी संतापले आहे आणि ऐकून घ्यायला घरात कोणी नाही, म्हणून तुला लिहिते आहे. तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी, निवृत्त होऊन मी आदिलाबादला आपल्याच घरी परतले, हे तुला ठाऊक असण्याचं कारण नाही. आज टपालाने एक मासिक आलं. त्यात एका गृहस्थाचा पानभर फोटो आहे. नाइटक्लबच्या भिंतींत कापूस भरून आवाज स्वच्छ करायची युक्ती आपल्याकडे म्हणे यानेच पहिल्यांदा काढली. मी क्लबांमधला आवाज आखून द्यायचे, तेव्हा हा माझ्या हाताखाली होता. माझे नकाशे गुंडाळून ठेवायचा, आणि तेही उलटे गुंडाळायचा. मी लगेच संपादकांना पत्र लिहायला बसले, कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी घोटून घेतलेल्या कडक इंग्रजीत. 'ही कल्पना माझी' एवढं पहिलं वाक्य लिहिलं आणि पेन थांबलं.

जिनिंग कारखान्याचं ते कापसाचं गोदाम आठवतं? उन्हाळा आहे, कापूस कधीच गेलेला, रिकाम्या गोदामात लग्न आहे. माईकसेट बाबांचा. तामसीहून आलेलं वऱ्हाड दाटीवाटीने बसलं आहे. पत्र्याखाली भटजींचा एकेक शब्द चार-चारदा घुमतो आणि कोणाला काही कळत नाही. बाबा आवाज वाढवतात, तसा गोंधळही वाढतो. तू बायकांतून उठून सरळ बाबांच्या टेबलाशी येतेस.

"आवाज वाढवून काय होते? गोदामात कापूस असते तवा बोललेलं कसं साफ आयकू येते. कापूस आवाज पिऊन घेते. वऱ्हाड्यांच्या गोधड्या टांगा भिंतीले."

"लोक हासतीन ना!"

"हासू द्या. मंगलाष्टकं तं आयकू येतीन."

मी शेजारीच उभी होते, शरमेने लाल. "माय, असं काही आमच्या फिजिक्सच्या पुस्तकात नाही," म्हणाले. तू गोधडी माझ्या हातात कोंबलीस. "मंग नवं पुस्तक लिही. आता काऊन उभी राह्यली वं? धर हे टोक."

लोक हसलेच. पण पाचव्या-सहाव्या गोधडीनंतर गोदाम शांत झालं, आणि अगदी मागे बसलेल्या म्हाताऱ्यांनीही अक्षता वेळेवर टाकल्या.

पुढे मी आयुष्यभर तेच केलं. नाइटक्लब म्हणजे काय, हे तुला कधी नीट सांगितलं नाही. नाचायचं हॉटेल म्हटलं, तर तू विचारलंस, "जेवाले काय देते तिथं?" पुण्यातल्या माझ्या पहिल्या क्लबच्या मालकाने मला पाहून विचारलं होतं, "साहेब कधी येणार?" म्हटलं, "आलेत. साडी नेसून आलेत." तो शेवटपर्यंत माझ्याशी बोलताना छताकडे बघायचा. माझा नियम एकच होता. नाचाच्या फरशीवर ठेका छातीत वाजला पाहिजे आणि चार पावलांवर दोघांना नेहमीच्या आवाजात भांडता आलं पाहिजे. नुसता आवाज मोठा करणाऱ्यांचा मला अजून राग येतो. हे कुठे शिकलात, असं मुलाखतींत विचारायचे. मी म्हणायचे, परदेशी पुस्तकांत. गोधडी, जिनिंग, तामसीचं वऱ्हाड, यातलं एक अक्षर मी कधी तोंडातून काढलं नाही. त्या गृहस्थाने माझं नाव गाळलं म्हणून मी सकाळपासून आदळआपट करते आहे, आणि तुझं नाव मी चाळीस वर्षं गाळत आले.

ते पत्र मी फाडलं. नवं लिहीन आणि पहिल्या वाक्यात तुला घालीन. त्या गृहस्थाला दुसऱ्या वाक्यात सोडणार नाही, ती गोष्ट वेगळी.

पण एक गोष्ट संपादकांना सांगण्यासारखी नाही. मी पुण्याला निघाले तेव्हा तू तुझ्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून दिलीस. वसतिगृहात बाकीच्या मुलींकडे ब्लँकेटं होती, म्हणून मी ती ट्रंकेत दडवली. पुढे त्या पहिल्या क्लबात उद्घाटनाच्या सकाळी एक कोपरा घुमायला लागला. हाताशी दुसरं काही नव्हतं. मी खोलीवर जाऊन गोधडी आणली, भिंतीच्या फळीमागे खिळ्यांनी ठोकली, आणि कोपरा गप्प झाला. ती तिथेच राहिली. आता ती इमारतही पाडली म्हणतात.

दर दिवाळीला तू विचारायचीस, "ऊब देते ना वं गोधडी?" मी हो म्हणायचे. माय, मी ती एकदाही पांघरली नाही.