उत्तर न आलेल्या खोल्या

सोमवार, ४ मार्च

आजचा दिवस, क्रमाने :

१. सव्वानऊला हजर. साडेनऊला बोलावलं होतं.

२. खिडकीजवळचं टेबल मिळालं. खुर्ची कुरकुरत नाही.

३. काम कळलं. अकरा प्रोग्रामर एकाच मोठ्या सर्व्हरवर काम करतात. तिथे प्रत्येकाची स्वतंत्र जागा असते, तिला सगळे ‘खोली’ म्हणतात. दर गुरुवारी सगळ्या खोल्यांमधली साधनं अपडेट करावी लागतात. आजवर हे हातानं होत आलं. ते आपोआप होईल अशी सोय मी करायची.

४. हातानं करणारे ते अण्णा, अकरातलेच एक. बावीस वर्षं इथेच. माझ्यापासून चार पावलांवर बसतात. तू आलीस, आता मी सुटलो गं पोरी, म्हणाले आणि माझ्यासाठीही चहा घेऊन आले.

५. रोज एक वाजता त्यांना मुलीचा फोन येतो. तो ते स्पीकरवर घेतात. सहा आठवड्यांची नात रडते ती सगळ्या मजल्याला ऐकू येते, आणि अण्णा तिच्याशी हिशेब समजावावा इतक्या गंभीरपणे बोलतात.

६. मला इथे आवडलं. असं मी सहसा लिहीत नाही.

गुरुवार, ७ मार्च

अण्णांचं अपडेट पाहिलं. दहाला सुरू, पाचला संपलं. सर्व्हरला त्यातली चाळीस मिनिटं लागली, बाकी सगळा वेळ विचारण्यात गेला. ते एकेकाच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहतात, काम नीट ठेवलंस का म्हणून विचारतात आणि तोंडी हो मिळेपर्यंत हलत नाहीत. एकजण म्हणाला, अण्णा, माझ्या लग्नातसुद्धा मला इतक्यांदा विचारलं नव्हतं. अण्णा म्हणाले, म्हणूनच तुझा चेहरा असा. सगळे हसले. मी घड्याळ लावून बसले होते.

मंगळवार, १२ मार्च

आपोआप अपडेट करणारी स्क्रिप्ट तयार. नियम एवढाच : मंगळवारी सगळ्यांना दोनदा मेल जाईल. गुरुवारी एकपर्यंत कुणी ‘थांबा’ कळवलं तर त्याची खोली वगळायची. काहीच उत्तर आलं नाही तर होकार समजायचा, जुनी खोली काढून टाकायची आणि कोऱ्या साच्यातून नवी उभी करायची.

अण्णांनी विचारलं, ज्यानं मेल बघितलंच नाही त्याचं काय? मी म्हणाले, तो त्याचा प्रश्न. मॅडम, म्हणजे आमच्या प्रमुख, हसल्या. अण्णांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला बरं वाटलं. खरं आहे म्हणून लिहून ठेवते.

गुरुवार, १४ मार्च

दुपारी १:१० ला सुरू, १:२१ ला संपलं. अकरा खोल्या, अकरा मिनिटं. टाळ्या वाजल्या.

तीन वाजता कळलं की अण्णांचं तीन महिन्यांचं काम गेलं. पुरं झाल्याशिवाय सगळ्यांचं काम जमा होतं त्या मुख्य साठ्यात काही पाठवायचं नाही, ही त्यांची सवय. मेल ते आठवड्यातून एकदा उघडतात.

त्यांचं उत्तर आलेलं नाही, हे मला एकला दहा मिनिटं असतानाच दिसलं होतं. चार पावलं. मी उठले नाही. यंत्रानं होणारं काम तोंडानं विचारलं असतं तर माझा नियम खोटा ठरला असता.

आणखी एक. दुसरं मेल गेलंच नव्हतं, स्क्रिप्टमध्ये माझी चूक होती. मॅडमनी विचारलं तेव्हा मी दोनदा गेलं म्हणाले. मग सर्व्हरच्या नोंदीत एक ओळ स्वतः घातली. अण्णा मॅडमना म्हणाले, पोरीची चूक नाही, मीच आळशी.

शुक्रवार, १५ मार्च

अण्णा टेबलापाशी आले. नवीन का, म्हणाले. तू आलीस, आता मी सुटलो गं पोरी. चहा आणून दिला.

टोमणा असणार. मी मान खाली घालून चहा प्यायले.

मंगळवार, १९ मार्च

टोमणा नाही.

एक वाजता फोन आला. बाळ रडलं. अण्णांनी मुलीला विचारलं, अगं, तुझी तारीख अजून लांब आहे ना, मग हे कुणाचं बाळ? मुलगी आधी हसली. बाबा, पुरे झाली थट्टा, म्हणाली. मग तिचा आवाज बदलला, बाबा, बरं आहे ना तुम्हाला, तिनं विचारलं. सगळा मजला ऐकत होता. खोलीतल्या कामाबरोबर अण्णांच्या डोक्यातले तेच तीन महिने गेलेत.

काढलेल्या खोलीची जुनी प्रत चौदा दिवस राहते, मग कायमची पुसली जाते. म्हणजे २८ तारीख, दुपारी १:१०. परत मिळवायला दोन गोष्टी लागतात : खोलीच्या मालकाच्या हातची लेखी मागणी, आणि चूक कुणाची याचा खरा कबुलीजबाब.

उद्या सांगते.

बुधवार, २० मार्च

सांगितलं नाही. स्क्रिप्ट बंद केली.

गुरुवार, २१ मार्च

१:१० ला सुरू झाली. बंद होती. दोनदा पाहिलं होतं.

अण्णा आता मुलीला शाळेतून कधी सुटलीस असं विचारतात.

शुक्रवार, २२ मार्च

मॅडमनी मला आत बोलावलं. दार लावून विचारलं, मेल खरंच दोनदा गेलं होतं ना, अण्णांची तब्येत बरी दिसत नाही. मी हो म्हणाले.

पुन्हा हो.

सोमवार, २५ मार्च

आज गुरुवार नाही. तरी १:१० ला —

स्क्रिप्ट काढून टाकली. मी चहा घेऊन परत आले तर ती पुन्हा जागच्या जागी. तिच्यावर तारीख मी लिहिली तीच, नाव माझं.

मंगळवार, २६ मार्च

फोन वाजला. अण्णांनी उचलला, चुकीचा नंबर लागलाय बाई, म्हणाले, अगदी अदबीनं. ठेवला. पुन्हा वाजला. पुन्हा. मग —

मी चार पावलं गेले. अण्णा, मला तुम्हाला काही सांगायचंय, म्हणाले. ते उठून उभे राहिले. मला अहो-जाहो केलं. आपण कोण, विचारलं. कुणाकडे काम आहे आपलं?

मी माघारी वळले. आपण म्हणाले ते मला.

बुधवार, २७ मार्च, दुपारी १:०४

स्क्रिप्टच्या यादीत आज बारा नावं. बारावं माझं. मला मेल आलं नाही. ‘थांबा’ लिहून पाठवायला काही नाहीच.

मॅडम बाहेर गेल्यात. वही अण्णांच्या टेबलावर ठेवणार. कागदापर्यंत ते अपडेट पोचत नाही, एवढं नक्की —

अण्णा, तुम्ही मला ओळखत नाही. मेल एकदाच गेलं होतं. नोंदीतली दुसरी ओळ माझी आहे. तुमचं उत्तर नाही हे मला दिसत होतं आणि मी विचारायला उठले नाही. चूक माझी. हाच कबुलीजबाब, खाली सही केली आहे. एक वाजता फोन करते ती तुमची मुलगी. तिला मुलगी झाली आहे.

यातलं काही पटलं नाही तरी चालेल. ‘माझी जुनी खोली परत द्या’ एवढंच स्वतःच्या हातानं लिहून मॅडमना द्या. मला उद्या हे आठवेल की नाही, सांगता —

१:०९. उत्तर उद्यापर्यंत हवं, गुरुवार २८ मार्च, दुपारी एकच्या आत. कृपा करून गप्प राहू न