उजवी वर, डावी खाली

प्रिय दादा,

तुला पत्र लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ. भिंतीपलीकडे राहणाऱ्या माणसाला कोण पत्र लिहितं? आणि लिहिलं असतं तरी वाचायच्या आधी तू ते वहिनीच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं असतंस. "अकरा ग्रॅम. त्यात मजकूर किती?" आता तू वजनाच्या पलीकडे गेला आहेस, म्हणून हे धाडस.

निमित्त बॉस्कोचं. पावसाआधीचा शेवटचा मोकळा रविवार गाठून तुमची मंडळी पनवेलच्या पुढच्या त्या माळावर तुझं शेवटचं, रिमोटवरचं विमान उडवणार आहेत. तुझ्या स्मरणार्थ! बॉस्कोने ते मोडकं विमान गिरगावच्या त्याच्या घरच्या गॅलरीत बसून दोन महिने जोडलं. काल त्याचा फोन आला. "माधव, तू पण यायचं हां. दोन श्लोक बोल, सुधाला आवडेल." तुला आवडेल! तीस वर्षं तुझ्या शेजारी उभं राहून विमानं उडवलेल्या माणसाला तुझी एवढीच ओळख झाली. पुढे म्हणाला, "मी पण बोलणार. काय फ्लायर होता रे तो! लास्टला हात गेला बिचाऱ्याचा."

तुझा हात गेला नव्हता, दादा. हे जगात फक्त मला माहीत आहे. रविवारच्या आधी ते तुला सांगायला हवं, म्हणून लिहितोय.

पण आधी थोडं तुझ्याविषयी. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायची रीत आहे खरी. ती तू कधी पाळली नाहीस. अप्पाकाकांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा "कावळ्यालासुद्धा अप्पा माहीत आहेत" असं तू गुरुजींसमोर म्हणाला होतास. तेव्हा थोडी सवलत मीही घेतो.

तुझं पहिलं विमान शिवाजी पार्कात फिरायला आलेल्या एका आजोबांच्या छत्रीवर कोसळलं. तू आजोबांनाच झापलंस. "बघून चालता येत नाही?" ते बिचारे वर बघून चालायला हवं होतं अशी कबुली देऊन गेले. मी तेव्हा शाळेत होतो. अन्याय इतक्या आत्मविश्वासाने करता येतो, हे शिक्षण मला त्या मैदानावर मिळालं.

भोईवाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर आपल्या दोन खोल्या. एकीत तू नि वहिनी, दुसरीत मी नि माझी पुस्तकं. वहिनी पोळ्या लाटायची तेव्हा तिच्या डोक्यावर चार विमानं टांगलेली असायची आणि कणकेत बाल्साचा भुसा पडायचा. "लाकूड हलकं आहे, पचेल," असं तू तिला सांगायचास. सहा फुटी पंख जिन्याच्या वळणावर अडकला, तेव्हा तुझ्या मते चूक जिन्याची होती! शेवटी पंख मधोमध कापून त्याचे दोन केलेस. तेव्हापासून रविवारी सकाळी उजवा पंख तुझ्या काखेत, डावा माझ्या, अशी आपली वरात जिना उतरायची. दुसऱ्या मजल्यावरच्या सावंतकाकू दारात उभ्याच. "एकेक पंख घेवन खंय चललंस रे सुधाकर?"

आणि माझा संस्कृतातला प्रबंध? अकरा वर्षांचं काम, चारशे पानं, कापडी बांधणी. पंखावर बाल्साची पातळ फळी चिकटवली की ती वाळेपर्यंत वर सपाट वजन लागतं. मी शाळेतून तपासायच्या वह्या घेऊन घरी आलो, तर माझा प्रबंध तुझ्या पंखावर पालथा पडलेला. डिंक त्याच्या कडेने वर आलेला. मी काही बोलायच्या आत तूच म्हणालास, "परीक्षकांनंतर त्याला हात लावणारा मीच पहिला. आभार मान." वहिनी हसली. मीही हसलो. तुझ्यासमोर न हसण्याची सोय कुठे होती?

एक गोष्ट मात्र तू मला दिली होतीस. ज्याने आयुष्यात कधी आचमनाची पळी उचलली नाही, त्या तुझं ते संध्यावंदन! उड्डाणाआधीची तपासणी. मी विमानाच्या शेपटीमागे उभा. तू दहा पावलांवर, रिमोट पोटाशी, नजर आकाशात. दांडी उजवीकडे दाबून ओरडायचास, "उजवीकडे!" उजव्या पंखाच्या मागच्या कडेला जी हलती पट्टी असते ती वर उठायला हवी, डाव्या पंखाची खाली जायला हवी. मी बघायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "उजवी वर, डावी खाली. ठीक." मग डावीकडे. मग शेपूट. माझं 'ठीक' आल्याशिवाय तुझं विमान कधी जमिनीवरून हललं नाही.

बॉस्कोने एकदा विचारलं होतं, "खुद देख ना, सुधा. मास्तर को क्या समझता है?"

"बनवणाऱ्याने तपासायचं नसतं," तू म्हणालास. "माझ्या डोळ्यांना मला हवं तेच दिसतं. माधवला विमानातलं ओ की ठो कळत नाही, पण चूक दिसली की तिच्यावर लाल रेघ ओढल्याशिवाय हा राहायचा नाही. जन्म गेलाय त्याचा त्यात."

तुझ्या तोंडून ऐकलेली माझी ही एकमेव स्तुती. मी ती कुणाला सांगितली नाही, पण पाठ केली.

आता तो दिवस. दिवाळीनंतरचा पहिला रविवार. त्या आठवड्यात तू विमानाचं शेपूट मोठं केलं होतंस. आणि आदल्या दिवशी पट्ट्या हलवणाऱ्या त्या बोटाच्या पेराएवढ्या मोटरी काढून नव्या, हलक्या बसवल्या होत्यास. काहीतरी बदलल्याशिवाय तुला आठवडा काढता येत होता का कधी? नव्या मोटरी जुन्यांच्या उलट फिरत होत्या. रिमोटमध्ये तसा फरक करायचा राहिला. राहील नाहीतर काय? तपासायला मी होतो ना!

माळावर बॅटरी जोडायला बॉस्कोने विमानाच्या नाकावरचं झाकण उघडलं. "अरे, ये क्या डाला तूने? मेडल?"

माझं पदक. एम.ए.ला संस्कृतात पहिला आलो तेव्हाचं, चांदीचं. आई होती तोवर ते देव्हाऱ्यात असायचं, नंतर माझ्या कपाटातल्या डबीत. तू ते चिकटपट्टीने नाकाच्या आत डकवलं होतंस.

"शेपूट जड झालं, पुढे वजन कमी पडत होतं," तू सगळ्यांना समजावलंस. "बरोबर चाळीस ग्रॅम. संस्कृताचा तीस वर्षांत झालेला हा पहिला उपयोग."

काय हसले सगळे! बॉस्को म्हणाला, "माधव, तेरा मेडल तेरे से पहले स्वर्ग जायेगा रे!"

"विचारलं तरी असतंस," मी म्हटलं.

"विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास."

"हो."

"मग? वेळ वाचवला." आणि तू पाठ फिरवून दहा पावलं मोजलीस. "चल, उभा राहा."

मी उभा राहिलो. तू ओरडलास, "उजवीकडे!" उजवी पट्टी खाली गेली. डावी वर उठली. ऊन स्वच्छ होतं, चष्मा नाकावर होता, नजरेत काही दोष नव्हता.

"ठीक," मी म्हटलं.

"डावीकडे!"

"ठीक."

शब्द तोंडातून निसटला, असं इथे आधी लिहिलं होतं. खोडलं. निसटायचा तर एकदा निसटतो; मी तो दोनदा म्हटला. काय हवं होतं मला? विमान धावताना कलंडेल, एखादा पंख मोडेल, तुझी फजिती होईल, चार माणसं हसतील. जेवढी मला हसली तेवढीच. त्याहून जास्त मागितलं नव्हतं, दादा. पण मागितलं होतं.

विमान सरळ चढलं. मग वाऱ्याने डावीकडे जरासं झुकलं. तू ते सावरायला उजवीकडे दिलंस, तर ते आणखी डावीकडे गेलं. तू आणखी उजवीकडे दिलंस. मग ते उलटं होऊन नाकावर जमिनीत घुसलं. माझ्या पदकासकट!

कुणी हसलं नाही. तू विमानाकडे धावशील असं वाटलं होतं. तू तिथेच उभा राहून आपल्या हातांकडे बघत होतास. त्या दिवाळीत तुझा उजवा हात किंचित थरथरायला लागला होता. चहा बशीत सांडायचा आणि तुला बशीतूनच प्यायचा होता असं तू दाखवायचास. बॉस्को जवळ आला तेव्हा तू हळूच म्हणालास, "मी उजवीकडे दिलं रे. दिलं असं वाटलं मला. बहुतेक डावीकडे दिलं असणार."

"होता है, सुधा. उमर है."

तू एकदाही विचारलं नाहीस, "माधव, तू नीट बघितलं होतंस ना?" का नाही विचारलंस? अख्ख्या जगावर संशय घेणारा माणूस तू! त्या एका वेळी माझ्यावर घेतला असतास, तर मी तिथल्या तिथे कबूल केलं असतं. निदान आता तरी तसं वाटतं. तू रिमोट बॉस्कोच्या हातात दिलास. मातीतून पदक उकरलंस, सदऱ्याला पुसलंस आणि मला दिलंस. "घे. तुझं शाबूत आहे."

त्यानंतर तू चार महिने जगलास. त्या चार महिन्यांत तू मला एकही टोमणा मारला नाहीस. छताला टांगलेली विमानं उतरवून कुणाकुणाला देऊन टाकलीस. एकदा तर मी काय वाचतोय हे विचारलंस, आणि मी सांगितलं ते ऐकूनही घेतलंस! आणि रोज संध्याकाळी मी आलो की कप पुढे करून म्हणायचास, "माधव, चहा तू ओत."

मी ओतत होतो. रोज. उद्या सांगू असं म्हणत होतो. सांगितलं असतं तर तू उसळला असतास, मला चार पिढ्यांसकट शिव्या घातल्या असत्यास आणि दुसऱ्या दिवशी डिंकाची बाटली उघडून बसला असतास. मला हे पुरतं माहीत होतं. मग का नाही सांगितलं? कारण तो मऊ, गरीब दादा मला आवडायला लागला होता. पन्नास वर्षं वाट बघून मिळाला होता. तो परत जायला मला नको होता. झालं लिहून.

फाल्गुनात एका सकाळी तू गॅलरीतल्या खुर्चीत बसल्या जागी गेलास. तेराव्याला वहिनी म्हणाली, "हात गेले तेव्हाच ह्यांनी जगायचं सोडलं हो, भावोजी." मी म्हटलं, "वय झालं होतं, वहिनी." बासष्ट!

आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. काल फोनवर बॉस्को म्हणाला, "एक बात बोल. विमान जोडून रिमोट लावला तर पट्ट्या उलट्या चालतायत. त्या दिवशी तू चेक केलं होतं ना?"

"हो. ठीक होतं."

"मग मीच रिमोटमध्ये काहीतरी दाबलं असणार. चल, करतो मी सुलटा." मग म्हणाला, "म्हणजे हातच गेला होता त्याचा. सॅड."

तू जिवंत असताना दोनदा, तू गेल्यावर तिसऱ्यांदा. शाळेतल्या मुलांनी तीन वेळा केलेल्या चुकीला मी चूक म्हणत नाही, दादा. सवय म्हणतो.

म्हणून वचन देतो. रविवारी श्लोक म्हणणार नाही. त्या माळावर, त्याच चार माणसांसमोर सांगेन की सुधाकरने उजवीकडेच दिलं होतं, आणि त्याच्या भावाने बघून, समजून सवरून 'ठीक' म्हटलं होतं. दुरुस्तीच्या डिंकाने शेपूट पुन्हा जड झालंय, नाकात वजन हवंय, असं बॉस्को म्हणत होता. पदक मी खिशात घेऊन जाईन. ते लोक हातात घेतील तर नाकात बसेल. विमानामागे मात्र मला उभं करू नका, हे मीच सांगेन.

पण रविवारच्या आधी शनिवार येतो. बाहेरच्यांकडून कळण्याआधी वहिनीला माझ्याकडून कळलं पाहिजे. शनिवारी संध्याकाळी तिच्या दारात जाईन. ती नेहमीसारखी विचारेल, "चहा टाकू, भावोजी?" तिने आधण ठेवायच्या आत सांगेन. ती काय करेल, मला माहीत नाही. तू कुणाला न दिलेली, मधोमध कापलेल्या त्या जुन्या पंखाची जोडी अजून तिच्या छताला टांगलेली आहे. त्यातला डावा, म्हणजे माझा, तिने माझ्या हातात दिला तर रविवारी तो घेऊन जिना उतरेन. नाही दिला तर सावंतकाकू दारात असतीलच. त्यांच्यासमोरून रिकाम्या हातांनी उतरेन.

तुझा धाकटा,
माधव