कार्ड वैध होतं

मी, उल्का श्रीरंग मोडक, वय ७१, मूळची सांगलीची, गेली बेचाळीस वर्षं ब्राउनश्वाइग, जर्मनी येथे राहणारी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कुणीही भरीस न घालता लिहून ठेवत आहे. माझ्या हृदयाची एक झडप नीट चालत नाही. डोकं नीट चालतं, असं डॉक्टरांनी वेगळ्या कागदावर लिहून दिलं आहे. तो कागद सोबत जोडला आहे. इथल्या कायद्याला हाताने लिहिलेलं आणि सही केलेलं पुरतं. भारतातल्या मिळकतीसाठी दोन साक्षीदार लागतात, म्हणून शेवटी तेही आहेत. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. सांगलीत विश्रामबागेतला फ्लॅट माझे पती कै. श्रीरंग यांच्या पश्चात माझ्या नावावर झाला. त्यात माझी नणंद शोभना राहते. तो फ्लॅट मी तिला देत आहे. माझे दीर पद्माकर यांनी त्यावर हक्क सांगू नये. श्रीरंग २००१ साली गेले तेव्हा भावजींचा फोन आला होता. "वहिनी, तिथे एकट्या काय करणार? परत या, मागची खोली रिकामी करून देतो." मी म्हटलं, मला नोकरी मिळाली आहे. कुठे, तर शिकारीचं सामान, बंदुका आणि काडतुसं विकणाऱ्या दुकानात. तेव्हापासून नातेवाइकांत ते मला 'काडतूसवाली' म्हणत आले. त्यांना मी काही ठेवत नाही. माफी तेवढी दिली आहे, त्यांनी मागितली नसली तरी.

२. बँकेतली शिल्लक, घरातलं सामान, श्रीरंगची सायकल आणि माझे दागिने माझी एकुलती एक मुलगी ईप्सिता, राहणार आखन, हिला मिळावेत. पोळपाट-लाटणं तिला नको असेल. तिने आधी हातात घेऊन पाहावं, मग ठरवावं.

३. माझ्या घरात कोणतंही शस्त्र किंवा काडतूस नाही, कधी नव्हतं. शेजाऱ्यांनी काहीही सांगितलं तरी शोधाशोध करू नये.

४. कपाटाच्या वरच्या कप्प्यात तपकिरी कातड्याचे पुरुषी हातमोजे आहेत. ते कुणाचे, हे लिहिणं भाग आहे.

मी त्या दुकानात चौदा वर्षं काउंटरवर होते. गिऱ्हाइकाने यागटशाइन, म्हणजे शिकारीचा परवाना, दाखवल्याशिवाय बंदुकीचं काडतूस द्यायचं नाही, हा कायदा. दिलेली प्रत्येक डबी वहीत लिहायची, हा आमचे मालक हेर, म्हणजे श्रीयुत, वेडेकिंड यांचा स्वतःचा नियम. तारीख, नाव, परवान्याचा नंबर, काडतुसाचा प्रकार, किती डब्या, आणि शेवटी माझी सही. माझं अक्षर चांगलं म्हणून वही माझ्याकडे आली. त्या कामाचा मला अभिमान होता. नवऱ्यामागे आलेली बाई म्हणून सतरा वर्षं काढल्यावर माझ्या सहीवाचून पुढे न जाणारी एक गोष्ट या देशात होती.

हेर ल्यूडर्स हे निवृत्त शिक्षक दर शरद ऋतूत पाच डब्या न्यायचे आणि वर्गात उत्तरं मागावीत तसे हवामानाबद्दल प्रश्न विचारायचे. २०१० च्या फेब्रुवारीत ते अवेळी आले. परवाना पुढे ठेवला आणि म्हणाले, "एकच डबी."

मी म्हटलं, "एक पुरेल?"

"पुरेल. उरेलसुद्धा." मग त्यांनी हातमोजे काढून काउंटरवर ठेवले. "हे कुणाला तरी द्या. चांगले आहेत." जाताना दारातून वळून त्यांनी मला माझं पहिलं नाव विचारलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मी सांगितलं. त्यांनी ते एकदा नीट उच्चारून पाहिलं आणि गेले.

मी वहीत ओळ लिहिली, सही केली.

चौथ्या दिवशी पोलीस आले. हेर ल्यूडर्सनी आपल्या घरी जीव दिला होता. पोलिसांनी वहीतल्या त्या पानाचा फोटो घेतला आणि म्हणाले, सगळं बरोबर आहे, कार्ड वैध होतं. हेर वेडेकिंडही म्हणाले, "फ्राऊ मोडक, तुमची नोंद अगदी व्यवस्थित आहे." माझं सांत्वन करायचं म्हणूनच म्हणाले ते. पण हातमोज्यांबद्दल मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. हे हातमोजे त्यांच्या मुलाकडे, गोस्लारला, पोचवावेत. पत्ता मोज्यांच्या आत ठेवला आहे. मी स्वतः दोनदा गोस्लारच्या स्टेशनपर्यंत जाऊन परत आले.

५. ईप्सिता, आता तुझ्यासाठी. गुडघ्यामुळे मी नोकरी सोडली असं मी तुला २०१५ साली सांगितलं. ते खोटं होतं.

त्या नोव्हेंबरात हेर ब्रांडेस नावाचे गृहस्थ आले. जुने शिकारी, आमचे नेहमीचे. वसंतात त्यांची बायको गेली होती. दर वेळी पायाशी असणारं त्यांचं कुत्रं त्या दिवशी नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाले, भाच्याला देऊन टाकलं. मग परवाना पुढे केला. "एक डबी."

मी वही मिटली. "आज मी देणार नाही."

"कोणत्या कायद्याने?"

"कायद्याने नाही. मी देत नाही."

आवाज ऐकून हेर वेडेकिंड आतून आले. त्यांनी परवाना उलटसुलट करून पाहिला. "वैध आहे, फ्राऊ मोडक. तुम्ही डॉक्टर नाही आणि पोलीसही नाही."

मी म्हटलं, "यांनी कुत्रं देऊन टाकलंय."

मालकांनी स्वतः डबी काढली, स्वतः वहीत लिहिलं. माझ्या अक्षरांखाली त्यांचं अक्षर. हेर ब्रांडेस बाहेर पडले, तशी मी कोट घेतला आणि त्यांच्यामागे निघाले. ते ज्या ट्राममध्ये चढले तिच्यातच चढले आणि समोर बसले.

"तुम्ही माझ्या मागे येताय," ते म्हणाले.

"हो. येतेय."

श्ट्योकहाइमला, शेवटच्या थांब्यावर, आम्ही दोघं उतरलो. त्यांनी घराचं दार माझ्या तोंडावर लावलं. मी पायरीवर उभी राहिले आणि पोलिसांना फोन केला. काय सांगायचं ते मला कळत नव्हतं. माणूस दुःखी आहे, असं सांगितलं. ते आले आणि बंदूक व डबी घेऊन गेले. हेर ब्रांडेस दारात उभे राहून त्यांना सांगत होते, "मला रानडुकरासाठी हवी होती. या बाईला वेड लागलंय." सगळे शेजारी खिडक्यांत होते.

पुढे चौकशी झाली, त्यांचा परवाना काढून घेतला गेला. शिकारीच्या मंडळातून ते बाहेर पडले. त्या घटनेनंतरच्या सोमवारी हेर वेडेकिंड मला म्हणाले, "कदाचित तुमचंच बरोबर असेल. पण आता लोक माझ्या दुकानात यायला कचरतील." मी माझा चष्मा आणि पेन उचलून घरी आले.

दहा वर्षं मला ठाऊक नव्हतं की मी एक जीव वाचवला की एका भल्या माणसाचं उरलंसुरलं आयुष्य मोडलं. हेर ब्रांडेस मला बाजारात दिसले की भरलेली टोपली तशीच ठेवून निघून जायचे. माझ्या ओळखीच्या दोन बायकांनी मला बोलावणं बंद केलं. तुला सांगावंसं वाटायचं. पण तू परीक्षांत होतीस, मग नोकरीत, मग बाळंतपणात, आणि तू "तुला काय वाटतं, आई?" असं कधी विचारलं नाहीस. हा दोष देत नाही. मीही माझ्या आईला कधी विचारलं नव्हतं.

६. गेल्या नोव्हेंबरात दुपारी दाराची घंटा वाजली. हेर ब्रांडेस. टोपी हातात, खूप म्हातारे झालेले.

"रानडुकरासाठी नव्हती," ते म्हणाले.

मी दार पूर्ण उघडलं. मग म्हटलं, "आत या."

"नको, बूट ओले आहेत." ते टोपीची कड बोटांत फिरवत राहिले. "तेव्हाच कबूल केलं असतं तर मला दवाखान्यात ठेवलं असतं. मग मी सगळ्यांना रानडुक्कर सांगत गेलो. पुढे पुढे मलाही खरं वाटायला लागलं. तुमची नोकरी गेली, ते मला माहीत होतं."

"कॉफी ठेवते."

"नको. माझ्या भाच्याला मुलगी झालीय. मी आजोबांसारखाच आहे तिला. परवा तिला मांडीवर घेतलं आणि वाटलं, हे तुम्हाला सांगायला हवं."

एवढं बोलून ते जिना उतरून गेले. आभार मानले नाहीत. मला ते नकोही होते. मी तुला फोन केला. तू म्हणालीस, मीटिंग आहे, संध्याकाळी करते. संध्याकाळी तू केलासही. आपण तुझ्या अन्वीच्या सर्दीबद्दल बोललो.

हेर ब्रांडेस यांना मी काही ठेवत नाही. आमच्यात आता काही बाकी नाही.

७. माझं दहन करावं. सांगलीला काही नेण्याची धडपड करू नये. फार लोक येणार नाहीत, म्हणून मोठी जागा घेऊ नये.

८. हे सगळं मी मेल्यावर कुणा अधिकाऱ्याने पाकीट फोडून तुला द्यावं, असं मी आधी ठरवलं होतं. मग वाटलं, दहा वर्षांनी का होईना, ते गृहस्थ जिना चढून आले. म्हणून या कागदावर सह्या झाल्या की मूळ प्रत न्यायालयात ठेवायला देऊन गुरुवारच्या गाडीने मी आखनला येत आहे. नक्कल बरोबर आणेन. तू जेवणानंतर एक तास मोकळा ठेव. मी वाचेन, तू ऐक. जर्मनमध्ये उत्तर दिलंस तरी चालेल.

मृत्युपत्र करणार:
उल्का श्रीरंग मोडक

उल्काताईंनी हा कागद आम्हां दोघांना वाचून दाखवला आणि आमच्या देखत सही केली. त्यानंतर त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर आम्ही सह्या केल्या. या मृत्युपत्रात आमचा कोणताही लाभ नाही. आम्ही याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो.

साक्षीदार:
१) कौमुदी रुपेश सबनीस, संशोधक
२) रुपेश अनंत सबनीस, अभियंता

स्थळ: ब्राउनश्वाइग
दिनांक: १४ मार्च २०२६, शनिवार