तोंड न बघता दिलेला इसार

रविवार, ८ एप्रिल २००७. सेलम

आणि वर केरबाकाका म्हणतोय, चूक माझीच! पैसे पाठवले त्या दिवसापासून एकच टुमणं लावलंय — "तोंड न बघता इसार देतंय व्हय रं कोण?" मी म्हणलं, काका, फोटो होता की. "फोटो गाडीचा हुता का माणसाचा?" गाडीचा होता. बास! मग हसतच बसला. एवढ्याशा खोलीत जायचं कुठं? भिंतीकडं तोंड करून झोपलो तरी पाठीमागनं हसतोय. एका गावचा, बापाच्या वयाचा माणूस, पण जरा म्हणून पोच नाही!

आज मात्र हसला नाही. आज आण्णांचा फोन आला.

आण्णांचे गुडघे गेलेत. हुपरीहून इचलकरंजीला सायकलवर दुधाचे कॅन, ह्या वयात. मधे दोनदा उतरून बसायला लागतं. ऊन चढतं, दूध नासतं, लोक दारातच तोडून बोलतात. दोन घरांनी रतीब बंद केला. एक पोरगा मोटरसायकलवरनं दूध घालतोय, तो हळूहळू सगळी घरं खाणार. रतीब गेला की म्हशी गेल्या. म्हशी गेल्या की आण्णा दिवसभर करणार काय? म्हणून एम-एटी, ती बजाजची छोटी गाडी. जुनी चालेल, दोन्ही बाजूला कॅन अडकवता आले की झालं.

नेटवर आमच्या कोल्हापूरकरांचा ग्रूप आहे. तिथं हा गडी. नावच 'रांगडा गडी'. जयसिंगपूरचा म्हणाला. पहिलाच निरोप — "काय पावणं, जेवलासा काय?" इंग्रजी अक्षरं, पण बोली आपली! इथं चांदीच्या कामाला येऊन वर्ष होत आलं, कामावरचा शेठ नि काका सोडून 'जेवलास का' असं विचारणारं कोण नाही. ह्या तमिळ लोकांचं बोलणं मला कळत नाही, माझं त्यांना. तिथंच भुललो. शेठकडनं दोन हजार उचल घेतली नि त्यानं दिलेल्या खात्यावर भरली. "इसार पोचला पावणं. आता गाडी तुमची. आठ तारखेला, आयतवारी सकाळी वडलास्नी स्टँडसमोर धाडा."

आण्णा गेलते. धुतलेलं धोतर. गाडीला घालायला हार, फोडायला नारळ. शेवटची एस.टी. येईस्तोवर थांबले.

"न्हाय आला रं माणूस. आडचण आली आसंल त्याला काय तरी."

"आण्णा, फोन केलता काय त्याला?"

"शेजारच्या पोराकडनं लावून घेतला. लागत न्हाय. पर इसार घेतलाय न्हवं त्येनं? मग यील की."

फोन ठेवला. काकाकडं बघितलं. हसला असता तर बरं झालं असतं.

सोमवार, ९ एप्रिल

त्याचा फोन बंद. दुपारी बंद. संध्याकाळी बंद!

गुरुवार, १२ एप्रिल

आज शेठनं चांदी दिली. पैंजणाच्या कड्या जोडायच्या आहेत. दोन किलो माझ्या हातात ठेवली नि गेला चहा प्यायला. ना कागद, ना सही. रोजचंच आहे, पण आज डोक्यात किडा वळवळत होता. विचारलं —

"शेठ, मी हे घिऊन पळालो तर?"

शशिधर शेठ आमच्याच गल्लीतला. जरासुद्धा दचकला नाही.

"पळ की लेका! मी सरळ हुपरी गाठतो आनि तुझ्या आण्णाच्या दारात चटई टाकून बसतो. दोन येळचा चा बी तुझी अव्वाच आणून दील मला."

सगळे हसले. मीही. पण खरं आहे ते. मला चांदी न्यायला कुलूप-किल्ली आडवी येत नाही. आडवी येते ती चटई. शेठ दारात बसलाय, अव्वा, माझी आई, पदर सावरत त्याला चहा देतीय, गल्ली बघतीय — हे डोळ्यापुढं आलं की हात मागं येतो.

त्या रांगड्याच्या दारात चटई कशी टाकायची? दारच नाही त्याला!

संध्याकाळी कॅफेत गेलो. एका बोटानं टाईप करतो मी, आठवी नापास माणूस. अर्धा तास घालून झकास शिव्या लिहिल्या, आयमाय सगळी काढली. त्याचं उत्तर लगेच आलं, एका ओळीत —

"पावणं, रागावू नगासा. तुमी मला वळखत न्हाय, मी तुमास्नी वळखत न्हाय. मग ह्या शिव्या नक्की कुणाला?"

उठून आलो. तासाचे पंधरा रुपये गेले ते वेगळेच.

रविवार, १५ एप्रिल

आण्णा आज परत जयसिंगपूरला गेलते!!

मी सांगितलं नाही, कुणी सांगितलं नाही. आपणच गेले. तेच धोतर, नवा हार. नारळ मागचाच.

"कशाला गेलासा?"

"आयतवार म्हणला हुता न्हवं त्यो? मागला का ह्यो, त्याचं चुकलं आसंल म्हणलं. आजारी बी पडलं आसंल कोण घरात."

"आण्णा, त्यो चोर हाय!"

"तू बघितलाईस त्याला?"

"न्हाय."

"मग न बघता चोर कसा म्हणतोस माणसाला?"

आण्णांनी जन्मभर म्हशी घेतल्या, विकल्या. बाजारात रुमालाखाली हात धरायचा, इसार द्यायचा, झालं. मागनं दुसरा दुप्पट देतो म्हणाला तरी माघार नाही. इसार घेऊन फिरलेला माणूस त्यांनी बघितलाच नाही. त्यांच्या हिशोबात असा माणूस नसतोच. म्हणून जाऊन उभं राहायचं. गुडघे दुखत असताना! मी सांगितलेल्या जागी!

फोन ठेवताना म्हणाले, स्टँडवरच्या चहावाल्याशी वळख झालीय आता, तो बसायला बाकडं देतो.

मला ओरडावंसं वाटतंय. कुणावर ते कळना.

मंगळवार, १७ एप्रिल

रांगडा गडी गायब झाला नि त्याच दिवशी 'शिरोळचा पैलवान' उगवला. ट्रॅक्टरची ट्रॉली विकतोय. आणि पहिली ओळ? "काय पावणं, जेवलासा काय?"

मी सगळ्यांच्यात लिहिलं, हा चोर आहे, माझ्या बापाला दोनदा उन्हात उभा केलाय ह्यानं. ग्रूप चालवणाऱ्यानं ते काढून टाकलं. "वैयक्तिक भांडणे इथे नकोत." भांडण म्हणे! नि एकजण लिहितो, दोन हजारासाठी एवढं काय रडतोस भावा. आमच्या कट्ट्यावर हे बोलला असता काय तो? दात ठेवले असते काय जाग्यावर? तोही तसा चांगला असेल घरी. आईच्या पाया पडत असेल. इथं कोण बघत नाही म्हणून जीभ सुटते. आणि ज्याची जीभ सुटते त्याचा हात सुटायला कितीसा वेळ?

काकाला हे बोललो. काका म्हणाला, "जत्रंत सोंग घेतल्यावर माणूस बाईला बी धक्का मारतंय. सोंग उतारलं की बघ, मान खाली."

बरोबर बोलतो कधीकधी.

रविवार, २२ एप्रिल

ठरवलं. त्याला सापळा लावायचा. मीच सोंग घेतो!

नवीन नाव काढलं — 'मामा काजूवाले, आजरा'. आजऱ्याचा काजू, बाजारभावापेक्षा स्वस्त. चोराला स्वस्त दिसलं की येणारच. आला की म्हणायचं, माल घ्यायला आजऱ्याच्या स्टँडवर ये. तिथं आमचे दोन भाऊबंद उभे करायचे.

आजऱ्याला मी उभ्या जन्मात दोनदा गेलोय, लग्नाला.

पण काय सांगू, लिहायला बसलो नि हात थांबेना! नेटवरनं एका मिशीवाल्याचा फोटो घेतला. तीन पिढ्यांचा धंदा लिहिला. स्वतःची बाग लिहिली. बायका अंगणात बसून काजू सोलतायत म्हणून लिहिलं. गिऱ्हाईक म्हणजे देव. शब्दावर चालतो व्यवहार. शाळेत निबंधाला चार ओळी सुचायच्या नाहीत मला. आज पान भरलं. वाचून बघितलं तर मलाच त्या मामाकडनं काजू घ्यावासा वाटला!

परत येताना रस्त्यानं ताठ चालत होतो. बागायतदार!

बुधवार, २५ एप्रिल

पैलवान आला नाही. भलतंच कोण आलं.

मैथिली नावाची बाई. नागपूरला दिलेली, माहेर कोल्हापूर. शाळेत शिकवते. शुद्ध लिहिते एकदम —

"नमस्कार मामा. तुमची भाषा वाचून माहेरी जाऊन आल्यासारखं वाटलं. इथे असं बोलणारं कोणी नाही हो. आमच्या अक्कांची, म्हणजे आईची, पंच्याहत्तरी आहे. तिला आजऱ्याचाच काजू लागतो. दहा किलो मिळेल का?"

काजू संपला, असं लिहायचं होतं. खरंच तेच लिहायला बसलो होतो. बोटातनं निघालं — "जेवलासा काय ताई?"

ते वाक्य स्क्रीनवर बघितलं. त्या रांगड्याचंच!

तिनं लगेच लिहिलं. जेवले, मामा, तुम्ही जेवलात का? मग अक्कांचं सांगितलं. दात गेलेत पण काजूकतली सोडत नाहीत, डबा लपवून ठेवायला लागतो. मी हसलो. खरंच हसलो. मग ती म्हणाली, अडीच हजार होतात ना? आधीच पाठवते, तुम्ही घरचेच. खाते क्रमांक द्या.

मी उत्तर दिलं नाही. तिनं परत विचारलं. परत दिलं नाही. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा दिला. खात्यावर नाव माझं. म्हणून लिहिलं, "खातं आमच्या कामगाराच्या नावावर हाय, अमरेश म्हणून. इमानदार पोरगा हाय."

सापळ्यासाठीच दिला. पैसे कोण पाठवतंय एवढ्यात? मागं सरेल ती.

शुक्रवार, २७ एप्रिल

आले पैसे. बँकेतनं काढून आणले. हातात घेतले तर काहीच वाटलं नाही. पगाराच्या नोटांसारख्याच नोटा. दुपारी दोन वडे जास्तच खाल्ले.

संध्याकाळी आण्णांचा फोन.

"पट्टणकोडोलीत एकाची एम-एटी हाय. ह्या खेपंला डोळ्यांनी बघितली, चालवून बघितली. माणूस बी वळखीचा. इसार तीन हजाराच्या खाली घेत न्हाय म्हणतोय. पंधरवड्यात दिलासा तर ठेवतो, न्हाय तर दुसरं गिऱ्हाईक हाय." मग म्हणाले, "न्हाय जमलं तर ऱ्हाऊ दे. आणिक एका घरानं रतीब बंद केलाय. आता वझं बी हलकं झालंय तसं."

हलकं झालंय म्हणे!

शेठकडं गेलो. "आधीची उचल फिटू दे की मर्दा." काकाकडं मागितले. पोरीचं बाळंतपण आलंय त्याच्या, खोटं नाही बोलत तो.

रविवार, २९ एप्रिल

पगार झाला. उचल कापून, खोलीचं नि खानावळीचं देऊन सातशे उरले. बाईचे अडीच हजार वेगळे ठेवलेत, उशीखाली. त्यांना हात लावायचा नाही.

आज कॅफेत तिचे चार निरोप. पार्सल निघालं का? मग — काही अडचण आहे का मामा? मग — तब्येत बरी आहे ना तुमची? मग नुसतंच — मामा?

उघडून बघितले. बंद केले. शेजारच्या मशीनवर एक पोरगं गाड्यांचा खेळ खेळत होतं, तेच बघत बसलो.

तिच्या घरी समोर बसलो असतो, अक्का आतनं कोण आलंय म्हणून विचारतायत, तर माझ्याच्यानं झालं असतं काय हे? 'ताई, पाणी द्या' म्हणलो असतो नि चप्पल घालून उठून आलो असतो. मग मशीनवर कसं झालं? तिचं तोंड दिसत नाही हे खरं. पण त्याहून वाईट म्हणजे मला माझंच तोंड दिसत नव्हतं. तिथं मिशीवाला मामा होता. पैसे त्यानं घेतले. मी इमानदार पोरगा!

रांगड्याचंही असंच झालं असेल काय? त्याच्याही घरात कुणाचे गुडघे गेले असतील काय? — नाही. असला विचार करायचा नाही. तो चोर आहे.

काकाला सगळं सांगून टाकलं. मला वाटलं हसेल नाही तर कानाखाली देईल. काकानं तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली. मग म्हणाला, "पत्ता हाय न्हवं बाईचा? उद्या पोस्टात जा. दुसरं काय बोलू नगंस."

पत्ता आहे. पार्सलसाठी तिनंच दिलाय. घर नंबर, गल्ली, समोर दवाखान्याची खूण, सगळं. एका चोराला कोण एवढा पत्ता देतं? उद्या जातो. अडीच हजार तिचे तिला. मामाची बाग जळाली म्हणून लिहीन. आणखी एक खोटं, पण शेवटचं.

सोमवार, ३० एप्रिल

कामाला दांडी मारून पोस्टात गेलो. रांग मोठी होती. फॉर्म भरला. आण्णांच्या नावाचा. पाठवतोय — तीन हजार दोनशे. उशीखालचे सगळे, वर माझे सातशे.