राज्याभिषेकाचं प्रकरण

बाई, माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली. एका राजदरबाराची गोष्ट आहे. गादीवर बसणारा तरुण राजा आणि त्याला बसवणारा राजपुरोहित यांची. दांडी गावच्या कोळणीच्या मुलीने राजाचा दरबार लिहिला, याचं आता पार मनोरपर्यंत कौतुक होतंय. पण हे सगळं सुरू झालं तारापूरला, शाळेच्या आवारातल्या तुमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात, ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

मी नववीत होते. राज्याभिषेकावरच्या माझ्या निबंधाला तालुक्यात पहिलं बक्षीस मिळालं आणि मी वही घेऊन धावत तुमच्याकडे आले. तुम्ही थालीपीठ थापत होता. हात पिठाचे, म्हणून म्हणालात, "वाच." मी वाचते आहे, तवा तापतो आहे, आणि तुमच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही. संपल्यावर म्हणालात, "हे भाटाने लिहिलंय. राजाची मिरवणूक निघाली तेव्हा किनाऱ्यावरच्या बायका काय करत होत्या?"

"माहीत नाही, बाई."

"मग बक्षीस कशाचं घेतलंस?"

आणि वर थालीपीठ माझ्या ताटात वाढलंत, लोण्यासकट. मी रडत रडत ते संपवलं. घरी आईने विचारलं, "बाईनं मारलं काय?" मी म्हटलं, "नाय." "मंग रडतेस कशाला? जा, तिलाच इचारून ये, कसं लिवायचं ते." मी विचारायला आले आणि पुढची चार वर्षं येतच राहिले.

गेल्या महिन्यात पालघरच्या एका वाचनालयाने माझा कार्यक्रम ठेवला. मी वाचायला उभी राहिले तोच मागून एक गृहस्थ उठले. "यात धर्माची टिंगल आहे. ते राज्याभिषेकाचं प्रकरण इथे वाचायचं नाही." संयोजक माझ्या कानाशी आले, "मॅडम, दुसरं काहीतरी वाचा ना." मी तेच प्रकरण उघडलं. राजपुरोहित अडून बसला आहे : कोळ्यांचं बंदर देवस्थानाला द्या, नाहीतर मी मंत्र म्हणणार नाही, आणि मंत्रांशिवाय तुमचा मुलगा म्हणजे नुसते भरजरी कपडे. राजमाता म्हणते, "नका म्हणू. उद्या किनाऱ्यावरची माणसं त्याला मुजरा करतात का ते बघू. नाही केला, तर तुमचं खरं. केला, तर देवाने कुणाचं ऐकलं?"

इथे मी थांबले. ते गृहस्थ अजून उभेच. "मग?" ते म्हणाले. "केला का मुजरा?"

पहिल्या रांगेतून माझी आई मागे वळली. "बसा ना दादा. पुढचं आयकाचं हाय ना?"

सगळे हसले, तेही हसले आणि बसले. मी प्रकरण शेवटपर्यंत वाचलं. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते, त्यांत तेही होते. निबंधाचं बक्षीस घेताना मला काही कळत नव्हतं. हे मात्र मी पुरतं कमावलं होतं.

आता जो तो विचारतो, राजमाता कुणावर बेतलीय? मी सांगते, आमच्या बाईंवर. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. ते खोटं आहे. राजमाता माझी आई आहे. तुम्ही राजपुरोहित आहात, बाई. ज्याने नुसतं 'नाही' म्हटलं तरी राजाचे हात गार पडतात, तो. तुम्ही हयात असता तर हे लिहायची माझी हिंमत झाली नसती.